वेलांटीची मिरची

आमच्या भाऊजींनी एकतीस वर्षं जपलेलं मिरचीचं बी मी एका सकाळी केराच्या टोपलीत ओतलं. नुसतं ओतलं नाही. डबी उलटी धरून तिच्या बुडाला दोन टिचक्या मारल्या, एखादी बी आत चिकटून राहायला नको म्हणून. मग डबी घासली, उन्हात ठेवली आणि वाळल्यावर तिच्यात बटणं भरली. हे आधीच सांगून टाकते, कारण मी भाऊजींबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं, काय जीव लावलाय या बाईनं दिराला. जीव लावला होता, ते खरंच आहे. पण बीही मीच ओतलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, हडकुळे, आणि कानामागे कायम एक कुंचला खोचलेला. पाट्या रंगवायला शिकत होते. पुढं तोच धंदा झाला आणि सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणायला लागली. पत्रावर नुसतं ‘पेंटर’ लिहिलेलं असलं तरी पत्र बरोबर आमच्या दारात पडायचं. लग्न त्यांनी केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, “वहिनी, पाटी सुकू दे आधी.” कुठली पाटी आणि ती किती वर्षं सुकत होती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणूस बोलायचा कमी आणि लिहायचा त्याहून कमी. पाटीवर शब्द जितके थोडे तितकं अक्षर मोठं काढता येतं, असं त्यांचं म्हणणं. दातांचे एक डॉक्टर एकदा पानभर मजकूर घेऊन आले. न दुखवता दात काढले जातील, कवळी बसवली जाईल, किडलेले दात भरले जातील, वेळ अमुक ते तमुक. भाऊजींनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि चौथ्या दिवशी पाटी पोचती केली. तिच्यावर एकच शब्द : दात. पण केवढा! रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. डॉक्टर खवळले. भाऊजी म्हणाले, “बाकीचं आत आल्यावर कळेलच की.” पाटी तशीच लागली आणि बावीस वर्षं राहिली. ही गोष्ट आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला हसून हसून सांगायचो. आता मी नाही सांगत.

मिरचीचं बी त्यांना उस्तादांकडून मिळालं. उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडं ते अक्षर शिकले ते म्हातारे पेंटर. त्यांच्या कामाच्या खोलीमागं रंगाच्या रिकाम्या डब्यांतून मिरच्या लावलेल्या असायच्या. जायच्या आधी उस्तादांनी भाऊजींना दोनच वस्तू दिल्या : लिहिताना मनगट टेकवायची काठी आणि चिंधीत बांधलेलं मूठभर बी. ही मिरची कुठल्या पाकिटात नव्हती, कुठल्या दुकानात नव्हती. उस्तादांना ती त्यांच्या आईकडून आली होती आणि त्याच्या मागचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला नावही नव्हतं. नाव भाऊजींनी दिलं. ही मिरची देठाला लोंबायची नाही, वर तोंड करून उभी वाढायची, आणि पिकत आली की तिचं टोक डावीकडं वळायचं. मला गच्चीवर बोलावून त्यांनी दाखवलं होतं. “बघा वहिनी, दुसरी वेलांटी.” खरंच तशीच होती. तेव्हापासून ती आमच्या घरात वेलांटीची मिरची झाली.

खाल्ल्यावर आधी काहीच व्हायचं नाही. पाहुण्यांना वाटायचं, हात्तिच्या, एवढंच? मग सावकाश दहा अंक मोजावेत इतक्या वेळानं ती घशात उतरायची आणि पाहुण्यांच्या तोंडचं वाक्य अर्ध्यावर राहायचं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, समोर बसून बोटांवर अंक मोजायचे. सात, आठ, नऊ. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकमेव करमणूक.

भाऊजींचे डबे गच्चीवर असायचे, बारा डबे, रंगाचेच. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं. दहा डबे खाण्यासाठी आणि दोन बियाण्यासाठी. मिरची हे फार चंचल झाड आहे. आसपास कुणाकडं दुसरी मिरची असली की माश्या तिचे पराग हिच्यावर आणून टाकतात. गंमत अशी की त्या वर्षी काहीच दिसत नाही, फळ आईसारखंच लागतं. बी मात्र आतून बिघडलेलं असतं, आणि ते पुढल्या वर्षी रोप वाढून फळ धरेपर्यंत कळत नाही. म्हणजे चूक आज करायची आणि शिक्षा वर्षानं भोगायची. म्हणून त्या दोन झाडांच्या कळ्या उमलायच्या आधी त्यांच्यावर पातळ मलमलीच्या पिशव्या चढवायच्या. पिशव्या मी शिवायचे. माझं घरी कपडे दुरुस्तीचं काम आहे : चेन बदलणं, उसवलेली शिवण घालणं, बटणं लावणं. उरलेल्या मलमलीच्या बोटाएवढ्या पिशव्या मी इतक्या शिवल्या असतील की त्या जोडल्या तर एक पडदा होईल.

फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या मिरचीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. ती झाडावरच पार लाल होऊन सुरकुतली की उतरवायची, सावलीत वाळवायची आणि नखानं चिरून बी काढायचं. हातमोजे भाऊजींना मान्य नव्हते. मग दोन दिवस चेहऱ्याला हात लावायची सोय नसायची. नाक खाजलं की आतून हाक यायची, “वहिनी, नाक!” आणि मी कणकेचे हात पुसून टॉवेलच्या टोकानं साठीच्या माणसाचं नाक खाजवायला जायचे.

बी काढताना ते मला शिकवायचे. एरवी तोंडाला कुलूप असलेला माणूस मिरचीवर आला की थांबायचा नाही. “मिरचीचं बी लवकर मरतं वहिनी. दोन वर्षं, फार तर तीन. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी नवं धरायचं. जुनं बी कधी पेरू नये.” हे वाक्य मी किमान वीस वर्षं ऐकलं. जुनं बी कधी पेरू नये. पाठ झालं होतं मला.

मग पाट्यांचे दिवस गेले. प्लॅस्टिकवर छापलेले, आतून दिवा लागणारे बोर्ड आले. सकाळी सांगितलं की संध्याकाळी तयार, आणि वर मालकाचा फोटो. भाऊजींनी कुरकुर केली नाही. काम कमी होत होत थांबलं, आणि त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही, वाढत जाईल. भाऊजी घरी येऊन म्हणाले, “बरं झालं. काम असतं तर पंचाईत होती.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हात बिघडायच्या थोडं आधीची गोष्ट. बी-बियाण्यांच्या दुकानदारानं त्यांना एका नव्या जातीचं पाकीट दिलं होतं. लावून बघा पेंटर, तोडून दमाल पण संपणार नाही. भाऊजींनी दोन डबे वेगळे काढून, गच्चीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात ती मिरची एक वर्ष लावली. चव घेतली, मान हलवली आणि पुन्हा लावली नाही. पण टाकायचं काही नाही हा स्वभाव, म्हणून तिचंही चिमूटभर बी ठेवलं. तोवर घरात बियाण्याची डबी एकच होती आणि तिच्यावर काही लिहायचं कारण नव्हतं. आता डब्या दोन झाल्या. त्यांनी काळ्या रंगानं एकीवर लिहिलं ‘जुनं’ आणि दुसरीवर ‘नवं’. त्यांच्या हातून आलेली ही शेवटची सुबक अक्षरं. डब्या दोन झाल्याचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पिशव्या माझ्या, पण डब्या त्यांच्या खोलीतल्या फळीवर असायच्या आणि त्या खोलीत मी केर काढण्यापलीकडं लक्ष घालत नसे. गच्चीतले ते दोन वेगळे डबे मला आठवायला हवे होते. नाही आठवले.

तीन वर्षांनी दातांच्या डॉक्टरांच्या मुलानं दवाखाना हातात घेतला आणि दिव्याचा बोर्ड लावायचं ठरवलं. जुनी पाटी भंगारात जाणार म्हटल्यावर भाऊजी म्हणाले, मी उतरवतो, मला द्या. थरथरत्या हातानं शिडीवर चढले. पाटी उतरली आणि तेही उतरले, पण शिडीवरून नाही. खुब्याचं हाड मोडलं. पाटीला ओरखडासुद्धा आला नाही. ती दोन माणसांनी आमच्या घरी आणून टाकली आणि भाऊजी गेले इस्पितळात.

पेरणीचे दिवस होते. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. पायाला वजन लावून पडलेला माणूस, पण जीव गच्चीत. मी जेवणाचा डबा घेऊन जायचे तर ते आधी विचारायचे, ऊन कसं आहे? एका दुपारी म्हणाले, “वहिनी, यंदा तुम्हीच पेरून टाका. आणखी थांबलो तर वर्ष जाईल.”

“मला जमेल?”

“वीस वर्षं बघताय. फळीवर बी आहे.”

“कुठलं घेऊ?”

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. भाऊजींनी दंड पुढं केला आणि मला म्हणाले, “डबीवर लिहिलंय.”

बस्स, एवढंच. मी घरी आले, स्टुलावर चढले. फळीवर दोन डब्या, शेजारी शेजारी. जुनं आणि नवं. मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. उलट मनात म्हटलं, किती व्यवस्थित माणूस आहे, मागल्याचं मागं, यंदाचं वेगळं. नव्या डबीतलं बी घेऊन गच्चीवर गेले, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरलं, वर माती चाळून टाकली, जसं ते करायचे तसं. मग वाटलं, ते घरी यायच्या आत त्यांची खोली लख्ख करून ठेवू. आणि जुनं बी तर पेरायचंच नसतं. पुढचं सांगितलंच आहे.

जुन्या डबीतलं बी ताजं होतं, मागल्याच हंगामात काढलेलं. नव्या डबीतलं तीन वर्षांचं होतं. साठ बिया पेरल्या होत्या, तेवीस उगवल्या. थोड्याच का उगवल्या, याचाही मी विचार केला नाही. बारा डबे भरले ना, झालं. मी हरखून गेले. माझ्या हातानं आयुष्यात काही उगवलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, “लेकरं गुणी आहेत, आईवर गेली नाहीत.”

सहा आठवड्यांनी भाऊजी घरी आले. जिना चढणं शक्यच नव्हतं, डॉक्टरांनी तर कायमचं नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी सगळ्यात चांगला डबा निवडला, कडेवर घेऊन खाली आणला आणि त्यांच्या खिडकीत ठेवला. वीतभर रोप, टवटवीत. मी कौतुकाची वाट बघत उभी. भाऊजींनी डबा सावकाश फिरवला. खोडाला फांदी फुटते त्या पेरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग विचारलं, “वहिनी, डबी कुठंय?”

“कुठली? ती जुन्या बियाची? घासून घेतली. बटणं ठेवलीत तिच्यात.”

“आणि बी?”

“टाकलं की. जुनं कशाला ठेवायचं? तुम्हीच तर सांगता.”

“कधी टाकलं?”

“तुम्ही तिकडं होतात तेव्हाच. दीड महिना झाला असेल.”

त्यांनी डबा पुन्हा खिडकीत होता तसा ठेवला. “छान वाढलंय रोप,” म्हणाले. “पाणी बेतानं घाला.” मी खूश होऊन चहा टाकायला गेले.

त्यानंतर चार महिने मी रोज सकाळी दोन बादल्या घेऊन तो जिना चढले. माझे गुडघे कसे आहेत ते आमच्या डॉक्टरांना विचारा. खाली आले की भाऊजींच्या खोलीत जाऊन वर्दी द्यायची. आज कळी आली. आज दोन डब्यांवर पिशव्या चढवल्या. आज पहिलं फळ दिसलं. ते पडल्या पडल्या ऐकायचे आणि मधून काहीतरी विचारायचे. पानं वळतायत का? खाली पांढरं काही चिकटलंय का? मला तर वाटायचं, माणूस याच्यावरच बरा होतोय.

मिरच्या वाढल्या आणि खाली लोंबायला लागल्या. मला वाटलं, पाणी जास्त झालं, माना टाकल्या. पाणी कमी केलं. त्या लांब झाल्या, सरळसोट, कान्यासारख्या. मी रोज जवळ जाऊन टोकं बघायचे. आज वाकेल, उद्या वाकेल. आमचे हे म्हणाले, “लहान आहेत अजून, वळण लागायचंय.” लाल झाल्या तरी सरळ त्या सरळच. शेवटी एक तोडून चावली आणि मनात अंक मोजायला सुरुवात केली. दोनवरच जीभ भाजली.

ती मिरची रुमालात गुंडाळून मी बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं हातात घेतली आणि चेहरा उजळला. “ही तर आपलीच! पेंटरांना मीच दिली होती, नवी जात म्हणून.”

नवी. दुकानातल्या पोत्यावर मी मटकन बसले. दुकानदारानं पाणी दिलं. जरा वेळानं मी विचारलं, पेंटरांनी तुम्हाला कधी त्यांचं बी दिलं होतं का?

“दिलं होतं ना, पुडीत. पण वहिनी, नाव नसलेलं बी घेतं कोण? खणात पडून पडून उंदरांनी नेलं.”

मिरच्या मागणारे ढीगभर होते. एकतीस वर्षांत बी मागणारं आणखी कुणीच नव्हतं. मी आठवून आठवून सहा घरी जाऊन आले. सगळ्यांना चव आठवत होती.

मग मला माझ्याच घरातलं तिखट आठवलं. वेलांटीच्या मिरचीचं, मागल्या वर्षी कुटलेलं, अर्धी बरणी शिल्लक होतं. कुटताना एखादी बी अख्खी सुटतेच. मी दार लावून घेतलं, जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि चहाच्या गाळणीनं ते तिखट चमचा चमचा चाळायला बसले. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. आमचे हे दाराबाहेरून विचारत होते, रडतेस की शिंकतेस? दोन्ही, म्हटलं. शिवणाच्या सुईनं एकेक कण उलटून तिसऱ्या दिवशी सतरा बिया निघाल्या. अख्ख्या. त्या मी कशिद्याच्या धाग्यांच्या पेटीत कापसावर ठेवल्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि भाऊजींना न सांगता स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरल्या. दहा दिवस गेले. वीस गेले. तिसाव्या दिवशी चमच्यानं माती उकरून बघितली तर बिया होत्या तशाच, तपकिरी आणि कडक. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुटायच्या आधी त्या मिरच्या मी तव्यावर भाजल्या होत्या. दरवर्षीच भाजते, छान वास सुटतो म्हणून.

त्या दिवशी मी भाऊजींच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. “भाऊजी, तुमचं बी मी टाकलं. गच्चीत आहे ते दुसरंच आहे.”

“माहितीये,” ते म्हणाले.

“काय माहितीये?”

“तुम्ही डबा खाली आणलात ना, तेव्हाच कळलं. आपल्या रोपाला पेरावर जांभळा ठिपका असतो. त्याला नव्हता.”

मला आधी समजेचना. मग समजलं आणि असा संताप आला की काय सांगू. “मग तोंड का नाही उघडलंत? चार महिने! या गुडघ्यांनी रोज दोन बादल्या चढवत होते मी वर. त्या दळभद्री मिरच्यांना पिशव्या शिवत होते! इथं येऊन बावळटासारखी सांगत होते, कळी आली, फळ आलं. हसत होता का मला?”

“हसत नव्हतो.” ते म्हणाले, “तुम्ही सांगायचा ते ऐकायला बरं वाटायचं.”

“सगळं खोटं होतं ते!”

“झाडं खरी होती ना.”

“शिव्या तरी द्यायच्या मला.”

“शिव्या देऊन बी परत आलं असतं का?” त्यांची नजर समोर होती, भिंतीला टेकवलेल्या त्या पाटीवर. दात. “आणि शिव्या तुम्हाला कशाला? वाचणारा चुकला तर चूक पाटीची असते. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो मी.”

मी म्हटलं, “आणखी एक शब्द लिहिला असता तर?” म्हणायला नको होतं. तोंडातून गेलं.

भाऊजींनी नजर पाटीवरून फळीकडं नेली. मग म्हणाले, “डबीवर जागा होती.”

आम्हा दोघांत कुणाची चूक मोठी, यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझं माझ्याकडं राहिलं, त्यांचं त्यांच्याकडं. गच्चीतल्या मिरच्या आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांना वाटल्या. शेजारी म्हणाले, यंदाच्या मिरच्या फार छान, लगेच झोंबतात. पुढल्या वर्षी पेरणीचे दिवस आले आणि गेले. डबे पालथे घालून ठेवले होते. भाऊजींनी ऊन कसं आहे हे विचारलं नाही. जेवण कमी झालं, बोलणं तर होतंच कमी. डॉक्टर म्हणायचे, खुबा चांगला जुळलाय, यांनी आता चालायला हवं. ते खिडकीपर्यंत चालायचे आणि परत यायचे.

एक दिवस दुपारी मी त्यांच्या खोलीत बसून एका कोटाला बटण लावत होते. डबी शेजारी होती. ‘जुनं’ हा शब्द मी नेहमी भिंतीच्या बाजूला फिरवून ठेवायचे. भाऊजी म्हणाले, “द्या जरा ती.” हातात घेऊन हलवली, आत बटणं खुळखुळली. मग मला टर्पेंटाइन, काळा रंग आणि बारीक कुंचला आणायला सांगितलं. रंगावर साय धरली होती, ती मी काडीनं बाजूला केली. त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.

“राहू द्या ना ते,” मी म्हटलं. “भाऊजी, पुसू नका.”

“आत नाही ना ते,” ते म्हणाले आणि पुसलं. दोन हातांनी, चांगलं घासून. चिंधी काळी झाली.

मग उस्तादांची काठी मागितली. मी डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली, त्यांनी काठीवर मनगट टेकवलं, डाव्या हातानं उजवा धरला. आधी शिरोरेषा ओढली, ती बरी आली. मग एकेक अक्षर; ‘हि’ आणि ‘नीं’च्या वेलांट्या कशाबशा निघाल्या. पाऊण तास लागला असेल. ज्या माणसानं सगळ्या दवाखान्याचं काम एका शब्दात भागवलं, त्यानं त्या एवढ्याशा डबीवर दोन शब्द लिहिले : वहिनींची बटणं. म्हणजे लिहायला गेले. ‘ची’ला आले तेव्हा उभी रेघ निघाली, पण वरचं वळण काढायला कुंचला उचलला की हात असा उडायचा की टोक जागेवर टेकेना. तीनदा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. शेवटी ते तसंच सोडून त्यांनी पुढचा शब्द पुरा केला आणि कुंचला माझ्या हातात दिला.

“वेलांटी होत नाही आता,” म्हणाले.

मी म्हटलं, वाचता येतंय. त्यांनी डबी लांब धरून बघितली, पाटी पोचती करायच्या आधी बघायचे तशी, आणि मान हलवली.

दोन महिन्यांनी ते गेले. डबी माझ्याकडं आहे. तिच्यावर ‘वहिनींचा बटणं’ लिहिलंय आणि आत बटणंच आहेत. घरी येणारे हसतात, म्हणतात, अहो, एवढी वेलांटी तर द्या, आम्ही देतो हवं तर. मी कुणाला हात लावू देत नाही.